मानाचा पडदा

जनाबाईच्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर पडायचं नाही. कॉफीची बाटली रिकामी झाली की तिच्यात पाणी आणि मनीप्लँटची फांदी. युरियाची गोण फाटली की तिच्या पट्ट्या सोडवून, वेणी घालून, गोल गोल शिवून पायपुसणं. फुटक्या बांगड्या ती मेणबत्तीवर धरून वाकवायची, एकीत एक अडकवायची आणि त्यांची माळ खिडकीला टांगायची. भात भरडून आणताना गिरणीवाल्याकडून तुसाचं पोतं मागून आणायची आणि ते तूस लोडांत भरायची. त्या लोडाला टेकलं की पाठीमागे करकर व्हायचं, पण लांबून बघणाऱ्याला तो लोड इनामदाराच्या घरचा वाटायचा.

घर म्हणजे दोन भिंती विटांच्या, दोन कारवीच्या कुडाच्या, वर पत्रा. धसईच्या बाजारापासून पायी पाऊण तास. पण गावात कुणाकडे साखरपुडा असो, बारसं असो, आदल्या दिवशी जनाबाईला बोलावणं असायचंच. ती जायची, दोन जुन्या साड्या आणि चार टाचण्या मागायची, आणि तासाभरात त्या घराला तोंड धुतल्यासारखं करून यायची.

शेजारची सकुबाई म्हणायची, "जने, तू मेलीस ना, तर तिरडीलापण झालर लावशील."

"लावीन ना. तुला आधी बघायला बोलावीन."

हे सगळं ती शिकली गावाबाहेरच्या एका बंगल्यावर. मुंबईची माणसं महिन्यातून दोनदा यायची, जनाबाई झाडूपोछा आणि भांडी करायची. तिथल्या बाई चार माणसांच्या जेवणाला टेबलावर आठ वस्तू मांडायच्या आणि त्यांतली एकही खायची नसायची. पाण्याच्या जगमध्ये लिंबाच्या चकत्या. रुमालाचा पंखा करून ग्लासात खोवलेला. वाटीत पाणी आणि पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. जनाबाई फरशी पुसता पुसता बघून घ्यायची. बाईंनी ते सगळं दुकानातून आणलेलं असायचं. जनाबाई घरी येऊन तेच परसातल्या वस्तूंतून उभं करायची.

लडकू, तिचा नवरा, कमी बोलणारा माणूस. लिंबाची चकती ओठाशी आली की काढून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि पाणी प्यायचा.

सारिका त्यांची एकुलती एक. पाच वर्षांपूर्वी तिला शहापूरकडच्या पंकजला दिली. पंकजच्या घरचेही भातशेतीवालेच. पण त्यांची जमीन मोठ्या रस्त्यात गेली, आणि लग्नाच्या पुढच्याच वर्षी पंकजची आई, बेबीताई, दुमजली घरात राहायला गेल्या. घर दुमजली झालं तसं सुनेनं 'आई' म्हणायचं बंद करून 'मम्मी' म्हणायचं, असं ठरलं. सारिका म्हणू लागली. तिला मुलगी झाली, कुणाली. कुणालीला तीन वर्षं झाली आणि मग तो रविवार आला.

त्या दिवशी सासऱ्यांनी, राघोशेठनी, कुणा बिल्डरला जेवायला बोलावलं होतं. सारिकानं पाणी आणलं ते एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात पेले धरून. घरात ट्रे होता. पण तो कुणालीनं पलंगाखाली नेला होता आणि त्यात बाहुली निजवली होती. बिल्डर हसला, म्हणाला, "वा, एकदम गावठी पद्धत." तो कदाचित चांगलंच म्हणाला असेल. बेबीताईंना ते तसं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सारिकाची पिशवी दारात ठेवली.

"आयकडं जा. पाहुण्यांचं कसं करतात ते शिकून ये. वळण लागलं की कळव."

"कुणालीचे कपडे घेते."

"कुणालीला काय शिकायचंय? ती हितंच राहील."

असे सात महिने गेले. पहिल्या महिन्यात पंकजनं दोनदा फोनवर मुलगी दाखवली. मग मम्मी म्हणाल्या, पोर नंतर रडते, त्रास होतो, आणि तेही बंद झालं. सारिका घरात चालायची ती काहीतरी काखेला मारल्यासारखी. पाण्याचा हंडा, तांदळाचं सूप, काही ना काही कमरेवर. मोकळ्या हातानं तिला चालता येईना.

आता कुणीही शहाणं माणूस ओळखेल की गोष्ट ट्रेची नव्हती. लडकूनंही ओळखलं होतं.

"अगो, ते निमित्त हाय," तो म्हणाला. "त्यांना आता मोठ्या घरातली सून पायजे."

"निमित्त असंल तर निमित्तच काढून टाकते," जनाबाई म्हणाली. "मंग काय सांगतील?"

आणि ती कामाला लागली. तिनं बंगल्यावरच्या बाईंकडून एक कड मोडलेला ट्रे मागून आणला, मोडक्या कडेला सुतळी गुंडाळली. दुपारी भांडी झाली की सकुबाईला लोडावर बसवायचं आणि सारिकानं आतून पाणी घेऊन यायचं. सकुबाई विहीण व्हायची. तिला त्याची हौसच होती.

"पाणी घ्या, मम्मी."

"कोमट हाय."

"दुसरं आणते."

"राहू दे. तुज्या आयशीनं काय शिकवलं नाय का गो? का तीपण अशीच?"

सारिका गप्प.

"गप नाय राहायचं," जनाबाई दारातून सांगायची. "हसायचं. ओठ मिटून. दात नाय दाखवायचे. परत आण."

"हसायचं कशाला? ती मला शिव्या देते आणि मी हसू?" सारिका म्हणाली.

"मी कुठं दिल्या शिव्या," सकुबाई म्हणाली, "मी तर अजून सुरूच नाय केलं."

एका दुपारी अकराव्यांदा आत पाठवल्यावर सारिकानं ट्रे जमिनीवर ठेवला. "आये, मी शिकले तरी ते मला न्यायचे नाय. तुला कळत कसं नाय?"

जनाबाईनं तिच्या कानाखाली वाजवली. पंचवीस वर्षांच्या, लेकुरवाळ्या मुलीच्या. पेला घरंगळत सकुबाईच्या पायाशी गेला.

"उचल," जनाबाई म्हणाली.

सारिकानं ट्रे उचलला. सकुबाई उठली. "माझ्या चुलीवर दूध हाय गो," म्हणाली आणि निघून गेली. तिच्याकडे तेव्हा ना गाय होती ना म्हैस.

दिवाळी झाली, भात कापून झाला, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या लागल्या. आणि पंकजचा फोन आला. रविवारी येतो. मम्मी, पप्पा, रेश्मा आणि मी. मम्मी बोलली, घर बघू, वळण बघू, मग ठरवू.

"कुणालीला आणाल ना?" सारिकानं विचारलं.

"मम्मी बोलली, नको. तिकडं धूळ असते."

सारिकानं फोन ठेवला आणि आईकडे बघितलं. मग म्हणाली, "आये, कसा धरू सांग. अंगठा वर का खाली?"

सहा दिवस होते. जनाबाईनं कुडाच्या भिंती लिंपून गेरूनं सारवल्या, खालच्या पट्ट्यावर तांदळाच्या पिठाची बोटं उठवली. माठात वाळ्याची जुडी सोडली. पळसाची मोठी पानं आणून धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, ताटाखाली घालायला. सगळं झालं, पण पुढच्या खोलीतून आतलं दिसत होतं. चूल, कणगी, दोरीवरचे कपडे, सगळं. मधल्या दाराला पडदा पाहिजे होता. तिनं ट्रंक उघडली.

आपल्याकडे लग्नात बाईच्या ओटीत पडलेली साडी नेसण्यापेक्षा फिरतेच जास्त. ती पिशवीतून बाहेरही न पडता एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाते, आणि कधी कधी तीन वर्षांनी फिरून आपल्याच ओटीत पडते. फक्त एक साडी फिरवायची नसते. मुलीच्या सासूनं मुलीच्या आईला दिलेली, मानाची. ती ठेवायची, आणि विहीण घरी येईल तेव्हा नेसायची.

सारिकाच्या लग्नात जनाबाईच्या ओटीत एकावर एक अकरा साड्या पडल्या होत्या. विहिणीची पहिली, तिच्यावर मावश्यांच्या, माम्यांच्या, आत्यांच्या. मंडपातून उठताना लडकूच्या बहिणीनं सगळा ढीग चादरीत बांधला. घरी गाठोडं सोडलं तेव्हा जनाबाईनं त्यातली सगळ्यात जड, सगळ्यात देखणी साडी वेगळी काढली. मरून रंगाची, जरीच्या काठाची. विहिणीची मानाची ती हीच. दुसरी कुठली असणार? तिनं ती मऊ धोतरात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून, ट्रंकेच्या तळाशी ठेवली. एकदाही नेसली नाही. बाकीच्या पाच वर्षांत फिरून गेल्या. एकच राहिली. पोपटी, सोनेरी छापाची, इतकी विरविरीत की कुणाला द्यायलाही लाज वाटावी.

जनाबाईनं ती पोपटी साडी कापली. मोठ्या तुकड्याचा मधल्या दाराला पडदा, वर नेफा घालून, खाली बांगड्यांचे तुकडे ओवून. उरलेल्याचे दोन लोडांचे अभ्रे. पडदा लावला आणि संध्याकाळचं ऊन त्यातून आत आलं, तेव्हा खोली अशी काही दिसली की लडकूसुद्धा चप्पल बाहेर काढून आत आला.

"बंगल्यासारखं झालं," तो म्हणाला. त्यानं एवढं कौतुक आयुष्यात कशाचं केलं नव्हतं.

रविवारी बाराला पांढरी गाडी खळ्यापाशी उभी राहिली. राघोशेठ उतरले, त्यांच्या मागून बेबीताई, मग त्यांची मुलगी रेश्मा फोन समोर धरून. पंकज गाडीशीच रेंगाळला. जनाबाई मरून साडी नेसून दारात उभी होती. पाच वर्षांच्या घड्या साडीवर उमटल्या होत्या आणि डांबराच्या गोळ्यांचा वास चार हातांवरून येत होता.

"या विहीणबाय. या, बसा."

बेबीताई बसल्या. लोड करकरला. त्यांनी मागे वळून बघितलं. सारिका ट्रे घेऊन आली. अंगठा खाली, ओठ मिटलेले, पेल्यात लिंबाची चकती.

"हे काय बुडलंय यात?" बेबीताईंनी विचारलं.

"मम्मी, असं हॉटेलात असतं," रेश्मा म्हणाली. "डिटॉक्स."

"हो का?" बेबीताई एक घोट प्यायल्या. दुसरा प्यायल्या. "वाळा घातलाय का गो?"

"हो, मम्मी."

"आमच्या जुन्या घरी माझी सासू घालायची." त्या एवढंच म्हणाल्या आणि क्षणभर त्यांचा चेहरा कुडाच्या घरातल्या बाईचा झाला. जनाबाईला तो दिसला. तिनं मनात म्हटलं, झालं. नेतात. आज पोर माझी जाते.

राघोशेठ लडकूला खळ्यावरच्या पेंढ्याचा भाव विचारत होते. चुलीवर गावठी कोंबडीचा रस्सा होता, वालाचं बिरडं होतं, भाकऱ्या टोपलीत होत्या. सारिका आत जाऊन ताटं मांडू लागली. बेबीताईंनी भिंत बघितली, खिडकी बघितली.

"घर चांगलं ठेवलंय तुमी, विहीणबाय. खोटं कशाला बोलू."

आता जनाबाईनं गप्प बसायला हवं होतं. पण सहा दिवस, सात महिने, सगळं त्या एका वाक्यासाठी केलेलं. तिला आणखी थोडं हवं झालं. ती पदर पुढे करून म्हणाली, "तुमचाच मान हाय सगळा. बघा ना, तुमचीच साडी नेसलेय. लग्नात दिलेली. पाच वर्सं अंगाला लावली नाय. म्हटलं, विहीणबाय येतील तवाच नेसायची."

बेबीताईंनी पदर हातात धरून निरखला.

"ही? ही माझी नाय."

"तुमचीच ती. मानाची."

"मी मरून घेतच नाय कुणाला. मी पोपटी घेतली होती. उल्हासनगरवरून, मी आणि माझी नणंद जाऊन..." आणि बोलता बोलता त्यांचा हात लोडावर पडला होता, तो थांबला. त्यांनी लोडाकडे बघितलं. मग मधल्या दाराकडे.

पडदा हलत होता, बांगड्यांचे तुकडे किणकिणत होते.

"रेश्मा, दादाच्या लग्नाचे फोटो हायेत ना गो तुज्याकडं?"

"आहेत ना." रेश्माला शोधायला वेळ लागला नाही. तिनं फोन आईकडे दिला, आईनं जनाबाईच्या नाकासमोर धरला. फोटोत मंडप होता. बेबीताई वाकून ओटी भरत होत्या आणि जनाबाई वर बघून हसत होती. तिच्या मांडीवर पिशवीतली साडी होती. पोपटी. सोनेरी छाप स्पष्ट दिसत होता.

"चुकी झाली," जनाबाई म्हणाली. तिचा आवाज पायाखालून आल्यासारखा होता. "सगळ्या एकात बांधल्या होत्या. मला वाटलं, सगळ्यात भारी असंल ती तुमची."

चांगलं म्हणावं म्हणून ती हे बोलली, आणि त्यानंच घात केला. बेबीताईंच्या कानाला वेगळंच ऐकू आलं. यातली सगळ्यात हलकी तुमची, असं.

"म्हणजे माझी हलकी. दारात लावायच्या लायकीची."

"तसं नाय वो..."

"तर कसं? माझ्या मानाला कात्री लावलीस तू. त्यावर मला बसवलंस. माझ्याच साडीवर माझं बूड टेकवलंस आणि वरून लिंबूपाणी पाजतेस?" 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते बेबीताईंनाही कळलं नसेल. "आता कळलं ही पोर अशी कशी निघाली ते."

"जाऊ द्या ना," लडकू म्हणाला. "बायमाणूस हाय, चुकलं तिचं."

"बायकांचं हाय, बायका बघून घेतील," राघोशेठ म्हणाले. "आपण आपलं बोलू. तर पेंढा काय भावानं म्हणालात?"

बेबीताई उठल्या. जनाबाईला वाटलं, निघाल्या. ती त्यांच्या पायाशी वाकली.

"नेस," बेबीताई म्हणाल्या.

"काय?"

"मानाची साडी विहीण आली की नेसायची असते, तूच बोललीस ना आता? मी आलेय. नेस. ही मरून काढ, माझी नेस. माझ्या मानाच्या साडीत मला जेवायला वाढ. मंग मी तुज्या पोरीला नेते. आज. आत्ता, गाडीतून."

"विहीणबाय, ती कापलीय. पुरायची नाय."

"पुरव. तुला तर कमी वस्तूत सगळं करता येतं. गावभर ऐकलंय मी."

जनाबाईनं सारिकाकडे बघितलं. सारिका ताट हातात घेऊन मधल्या दारात उभी होती, पडदा तिच्या खांद्यावर. जनाबाईला वाटलं, ही आता ताट ठेवेल. ही म्हणेल, माझ्या आयला असं बोलायचं काम नाय. सात महिन्यांपूर्वी ती तसं बोललीही असती.

सारिका म्हणाली, "आये, नेस ना."

मग अगदी हळू, आईलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी पोर हाय तिकडं."

पडदा लडकूनं काढला. खिळ्यावरून दांडी उतरवताना त्याचा हात दोनदा सुटला. आणि पडदा निघाला तसं दार उघडं पडलं. मघाशी झाकलेलं सगळं, चूल, कणगी, दोरीवरचे परकर, पुढच्या खोलीतून लख्ख दिसू लागलं. आडोसा म्हणून तेवढंच एक कापड होतं आणि तेच तिला नेसायचं होतं. जनाबाई कणगीच्या मागे गेली. सारिका समोर हात पसरून उभी राहिली, पण कणगी कमरेएवढी आणि सारिका अंगानं बारीक. राघोशेठनी तोंड फिरवलं. पंकज गाडीतच जाऊन बसला. रेश्मानं तोंड फिरवलं नाही.

साडी एक वेढा घेऊन दुसऱ्यात निम्म्यावर संपली. निऱ्या काढायला कापडच नव्हतं. नेफ्याची बाजू कमरेला आली, बांगड्यांची झालर गुडघ्याखाली. पदर खांद्यापर्यंत पोचेना, तेव्हा सारिकानं लोडाचा अभ्रा उसवून तो तुकडा तिच्या छातीवर टाकला आणि टाचणीनं अडकवला. त्याला तूस चिकटलेलं होतं. सारिकाचे हात सफाईनं चालत होते. आईच्याच हाताखाली शिकलेली ती.

जनाबाई बाहेर आली. चालताना किणकिण वाजत होती.

आधी रेश्मा हसली. मग राघोशेठना आवरेना. त्यांनी खोकल्यासारखं केलं. बेबीताई हसल्या नाहीत. त्या पाटावर बसल्या.

"वाढ."

तिनं वाढलं. वाकली की मागचं कापड वर चढायचं, म्हणून ती गुडघ्यावर बसून, सरकत सरकत वाढत होती. रस्सा, बिरडं, भात. पळसाच्या पानांवर ठेवलेली ताटं सुंदर दिसत होती.

"पदर घे डोक्यावर," बेबीताई म्हणाल्या. "आमचे हे बसलेत."

"पुरत नाय."

"हो, कापलायस नाही का."

जेवणं सावकाश झाली. राघोशेठनी दुसऱ्यांदा बिरडं मागितलं आणि चांगलं झालंय म्हणून सांगितलं. पंकजला ताट गाडीत नेऊन द्यावं लागलं. तेही जनाबाईनंच दिलं, खळं ओलांडून, तशीच, किणकिणत. त्यानं काच खाली केली, ताट घेतलं आणि काच वर केली. आजूबाजूच्या तीन घरांच्या ओट्यांवर माणसं येऊन उभी राहिली होती.

बेबीताई बोलल्याप्रमाणे वागल्या, हे मात्र खरं. हात धुतले आणि म्हणाल्या, "चल गो सारिका, बस." सारिकाची पिशवी सहा दिवसांपासून भरलेली होती. ती गाडीपाशी जाऊन परत वळली, आईच्या पाया पडायला वाकली, आणि तिचं डोकं त्या झालरीपाशी गेलं. ती पटकन उठली. गाडी गेली तेव्हा ती मागच्या काचेतून बघत होती की नाही ते धुळीत दिसलं नाही.

सकुबाई आली तेव्हा जनाबाई चुलीपाशी बसून खरकटी ताटं एकात एक घालत होती.

"जने, गेली ना?"

"गेली. नेली तिला."

"ते बघितलं. तू काय नेसलीयस गो हे?"

"मानाची साडी," जनाबाई म्हणाली. "दोन पेले जास्तीचे तुज्या घरचे हायेत, घेऊन जा."

सकुबाईनं पेले घेतले नाहीत. तिनं दोरीवरचं लुगडं काढलं, जनाबाईच्या पाठीवर टाकलं आणि बाहेर जाऊन ओट्यावरच्या बायकांना सांगितलं, "काय बघताय? घरी जा, तुमच्या भाकऱ्या करपतात."

चार दिवसांनी सकुबाईच्या सुनेनं फोन आणून दाखवला. रेश्मानं त्या दिवशी केलेलं शूटिंग स्टेटसला ठेवलं होतं, तिथून कुणीतरी पुढे पाठवलं होतं, आणि ते डोळखांबला जनाबाईच्या माहेरापर्यंत पोचलं होतं. खाली हसणारी तोंडं आणि वर लिहिलेलं, 'गावची फॅशन'. जनाबाईनं ते एकदाच पूर्ण बघितलं. गुडघ्यावर सरकणारी बाई तिनं बघितली. मग म्हणाली, "खिडकी चांगली आलीय. मागं माळ दिसते बघ." सुनेला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

साखरपुड्याचं नि बारशाचं बोलावणं त्यानंतर आलं नाही. घर कुणी सजवलं, असं पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून.

पौषात म्हसा गावची जत्रा आली. दरवर्षी सारिका जत्रेला म्हणून दोन दिवस माहेरी यायची. जनाबाईनं वाट बघितली, आणि मग लडकूनं नको म्हटलं तरी आपणच फोन लावला. सारिकानं उचलला. मागे पुष्कळ आवाज होते, भांड्यांचे, बायकांचे.

"आये, मी मंग करते. पाहुणे हायेत."

"जत्रंला येशील का गो?"

"नाय जमायचं. मम्मी बोलल्या, आता तिकडं नको." मग घाईनं, "तू बरी हायेस ना?"

"बरी हाय. पोर कशी हाय? एकदा आवाज ऐकव ना तिचा. आठ-नऊ महिने झाले."

सारिकानं फोन कुणालीकडे दिला असावा, कारण कानात एकदम श्वास ऐकू आला. लहान मुलाचा, फोन तोंडाला चिकटवून घेतलेला.

"कोण?" कुणालीनं विचारलं.

"मी आजी, बाळा."

"कुठली आजी?"

धसईची म्हणावं तर एवढ्याशा पोरीला धसई कशी ठाऊक? जनाबाई शब्द शोधत होती, तोवर पलीकडून बेबीताईंचा आवाज आला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अगं, पडद्याची आजी. तुझी मम्मी सांगते ना, कशी चालली ती?"

"किण किण किण," कुणाली म्हणाली आणि खदाखदा हसली. बायका हसल्या. त्यांच्यात एक हसणं ओठ मिटून होतं, फक्त नाकातून येणारं. दुसऱ्या कुणाला ते वेगळं ऐकू आलं नसतं. जनाबाईला आलं. अकरा अकरा वेळा आत पाठवून तिनंच ते बसवलं होतं.

"तू पडद्याची आजी?" कुणालीनं परत विचारलं.

"हां रे माझ्या बाळा," जनाबाई म्हणाली. "पडद्याचीच. अजून बोल."